आईच्या पायातली चप्पल निसटली अन् तिला कळलंच नाही

मागच्या दिवाळीपासून आई बदलत गेली. आधी नुसती चिडचिड, मग म्हणायची दूधवाला मुद्दाम पाणी टाकून राहिला, मग शेजारच्या काकू भिंतीपलीकडून माझ्याबद्दलच बोलून राहिल्या, रोज हेच. किल्ल्या स्वतःच तांदळाच्या डब्यात लपवायची आणि चोरीला गेल्या म्हणून रडायची. वय ६७, आम्ही म्हटलं वयामुळं होत असेल. एक नातेवाईक तर म्हणाले बाहेरचं काही आहे, उतरवून घ्या. सहा महिने आम्ही तिला समजावण्यात अन् रागावण्यात घालवले, त्याचं फार वाईट वाटते.

मे महिन्यात गोकुळपेठच्या बाजारात भाजी घेता घेता तिच्या एका पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच पुढं चालत गेली, रस्ता तव्यासारखा तापलेला, पण तिला पत्ताच नाही, मागून एक बाई चप्पल हातात घेऊन धावत आली. मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी हे बोलता बोलता सांगितलं, तर ते एकदम पायावरच आले, मुंग्या येतात का, अंधारात तोल जातो का, शुगरची गोळी कोणती? मेटफॉर्मिन, १२ वर्षं. या गोळीनं व्हिटॅमिन बी१२ नीट शोषलं जात नाही, त्यात आई पक्की शाकाहारी, अन् कफ होतो म्हणून दूध-दहीसुद्धा कधीचंच सोडलेलं. बी१२ चा रिपोर्ट आला ११२. साधारण २०० च्या वर पाहिजे.

नसांवरचं आवरण टिकवायला बी१२ लागते, मेंदूतल्यासुद्धा. ते संपत आलं की विसरभोळेपणा, उदासी, संशय, कधी कधी भासही होतात. नेहमीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून पुढं पाहिलंच नव्हतं, पण १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरी नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बी१२ कमी असल्यामुळं नसांचा किंवा मनाचा त्रास असलेल्या १४१ पेशंटपैकी ४० जणांना ना अॅनिमिया होता ना रक्तपेशी मोठ्या झाल्या होत्या! आणि नुसती फॉलिक अॅसिडची गोळी चालू केली तर रक्त सुधारते, नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहते.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. दीड महिन्यात संशय ओसरला. मुंग्या अजून आहेत, नसांना वेळ लागते म्हणाले, काही नुकसान कदाचित भरूनही येणार नाही. मनाची गोळी डॉक्टरांनी लगेच बंद केली नाही, हळूहळू कमी केली, अन् प्रत्येक डिप्रेशन व्हिटॅमिननं बरं होते असंही नाही, म्हणून कोणी आपल्या मनानं गोळ्या सोडू नका बापा. पण घरचं माणूस असं बदललं तर ही एक रक्ताची तपासणी आधी करून घ्या, मी हात जोडून सांगतो.

मावशीसुद्धा मेटफॉर्मिनवरच आहे, अन् परवा फोनवर म्हणाली पाय बधिर वाटतात. उद्या सकाळी तिला घेऊन लॅबमध्ये चाललो.