बरोबरची खूण

दुपारचं जेवण उरकून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात उशाशी फोन किणकिणला. भाचीचा निरोप. ‘आत्या, दिवाळीला चार दिवस घरी आहे. काय वाचू, काय बघू आणि आईला काय घेऊ? यादी पाठव ना. पटकन!’

पटकन म्हणे. झोप गेली ती गेलीच.

घरात पुस्तकांची एक अख्खी भिंत असली की लोकांना वाटतं, हिच्याकडे याद्या तयारच असणार. प्रत्यक्षात कुणी ‘काहीतरी चांगलं सुचव’ म्हटलं की माझी पाटी कोरी होते. न आवडलेली पुस्तकं मात्र धडाधड आठवतात, कुठल्या पानावर वैताग आला त्यासकट. आवडलेल्यांचं एकही नाव ओठांवर येत नाही. आणि आलंच, तर सांगावं की नाही याची धाकधूक. कारण आठवड्याभराने उत्तर येतं, ‘वाचलं. बरं होतं.’ ‘बरं होतं’ याच्याइतका वाईट शेरा मराठीत दुसरा नसेल. माझ्या चकल्यांना कुणी ‘जरा मऊ पडल्या’ म्हणालं तर मी मनावर घेत नाही, भाजणी विकतची होती असं सांगून मोकळी होते. आवडीनिवडीला तशी पळवाट नाही. ती घरचीच.

तरी उठले, पाकीट उघडून त्याच्या पाठीवर तीन आकडे घातले आणि पेन्सिल शोधू लागले. पेन्सिलच का, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असे. ती भरली की एका वेळी एक अंक मिळायचा, थेट होळीपर्यंत. अंक आणायचं काम माझ्याकडे. आईला कथा हव्यात, बाबांना वार्षिक राशिभविष्य (त्यांचा विश्वास नव्हता, तरी सगळ्या अंकांतलं ताडून बघायचे), आजीला विनोद. ‘आवाज’ मात्र मी मागितला की वाचनालयातले काका मान वर न करता म्हणायचे, ‘वडलांना पाठव.’ त्या अंकातल्या खिडक्यांची चित्रं ठाऊक असतील. वरून बघावं तर भलतंच काही वाटावं, आणि खिडकी उघडली की आत अगदी साधंसुधं निघावं. वाचनालयाच्या प्रतीतल्या खिडक्या पहिल्या आठवड्यातच लोंबायला लागत. मोठी माणसं तो अंक उशीखाली ठेवायची, म्हणून तो कुठे असतो हे घरातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं.

माझ्यासाठी म्हणून ‘किशोर’ यायचा. तो एका दिवसात संपायचा. मग उरलेल्या दिवसांत मी मोठ्यांचे अंक वाचायची.

1986 साली मी सहावीत होते. एका अंकाची अनुक्रमणिका चाळताना दिसलं, काही नावांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्यात. अगदी फिक्या, उजेडाकडे तिरकं धरलं तर दिसतील अशा. कुठे एक, कुठे दोन. पुढच्या अंकात तेच. त्याच्या पुढच्या अंकात तर खुणेशेजारी शब्द होता, ‘रडवते’. मग मी शोधूनच काढायला लागले. ‘शेवट ढिला.’ ‘रात्री नको.’ ‘पुन्हा एकदा.’ एका थोर लेखकाच्या नावापुढे नुसतं ‘हं’.

म्हणजे आमच्या आधी कुणीतरी हे अंक वाचत होतं आणि पुढच्याला वाट दाखवत होतं. कोण असेल? पहिल्यांदा मी ठरवलं, शाळेतले निवृत्त हेडमास्तर. पण ते ‘रडवते’ लिहिणाऱ्यांतले नव्हते. मग वाटलं, टपालकचेरीतल्या बाई. त्यांचं अक्षर असंच बारीक, उजवीकडे झुकलेलं. मनीऑर्डरच्या निमित्ताने मी ते जाऊन पाहिलंही. जुळलं नाही.

माणूस सापडलं नाही, पण मी त्याच्या कह्यात गेले. खूण असेल तेच वाचायचं. दोन खुणा असतील ते आधी. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. नवरा-बायको एकमेकांशी न बोलता तेरा पानं चहा पितात, आणि शेजारी दोन खुणा! आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून मी परत वाचायची.

मग एकदा एका अंकात खूण नसलेली गोष्ट चुकून वाचली. एक म्हातारा आपली सायकल विकायला निघतो आणि दिवसभर तीवरूनच फिरत राहतो, एवढीच गोष्ट. मला फार आवडली. अनुक्रमणिका पाहिली. तिच्यापुढे काहीच नाही. वाचनालयात काकांच्या डोक्यावर पाटी होती, ‘अंकांवर काहीही लिहू नये’. मी दप्तरातली पेन्सिल काढली, दार लोटलं आणि त्या गोष्टीपुढे बरोबरची खूण केली. एकच. अंक परत करताना काका नेहमीप्रमाणे पानं फरफर चाळून बघत होते, तेव्हा माझ्या कानशिलात ठोके पडत होते.

महिन्या-दीड महिन्याने आई तोच अंक पुन्हा घेऊन आली. (आईचं असं व्हायचं. मुखपृष्ठावर निरांजन घेतलेली बाई असली की तिला सगळे अंक सारखेच.) मी अनुक्रमणिका उघडली. माझ्या खुणेपुढे, त्याच झुकलेल्या हातानं, एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

ते प्रश्नचिन्ह मला अजून खुपतं. ‘बरं होतं’ची भीती तिथूनच बसली असावी. की माझा स्वभावच तसा आहे आणि मी उगाच त्या बिचाऱ्यावर ढकलते आहे, कोण जाणे.

दिवाळीला वाचायला काहीतरी हवंच, ही खोड आपल्याला लावली ‘मनोरंजन’ मासिकाने, 1909 सालच्या अंकाने. संपादक का. र. मित्र. इंग्रजी मासिकांचे नाताळचे विशेषांक पाहून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. गंमत म्हणजे हे गृहस्थ मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतलं. शंभराहून जास्त वर्षं फराळाच्या ताटाशेजारी अंक पडतो आहे, तो एका मित्राच्या सांगण्यावरून! आणि माझ्या सांगण्यावरून शेजारच्यांनी साधं वर्तमानपत्रसुद्धा बदललेलं नाही.

असो. यादी.

सिनेमाच्या बाबतीत तर माझा सल्ला घेण्यात अर्थच नाही. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हिडिओ भाड्याने आणायचे, बरोबर तीन कॅसेटी. पहिला देवाचा, आज्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा कॅसेटवाला देईल तो. ‘हा न्याच,’ तो म्हणायचा, ‘नाही आवडला तर पैसे परत.’ पैसे परत मागायला कधी कुणी गेलं नाही, कारण तिसरा सिनेमा पूर्ण पाहिलेलं माणूसच आमच्या गल्लीत नव्हतं. पहाटे डोळे उघडायचे तेव्हा पडद्यावर मुंग्या, आणि सतरंजीभर माणसं आडवीतिडवी. आज अमुक सिनेमा छान आहे असं मी म्हणते, तेव्हा त्याचा पूर्वार्ध छान आहे एवढंच समजावं.

आणि वहिनीला काय घ्यावं? ते तर मला मुळीच विचारू नये. माझी एक खोड आहे, ती घरात कुणाला माहीत नाही. पुस्तक भेट द्यायचं तर आधी मी ते वाचते. चोरून. पाठ मोडू नये म्हणून जेमतेम बोट शिरेल एवढंच उघडायचं, चहा लांब, बोटं पदराला पुसून मग पान उलटायचं. मान आखडते. पण न वाचलेलं पुस्तक देणार कसं? आणि वाचून झालं की पंचाईत. आवडलं नसेल तर द्यायची लाज वाटते, आवडलं असेल तर हातचं सुटत नाही. म्हणून माझ्या वहिनीकडे मी दिलेल्या चार चादरी आहेत. आणि ‘प्रिय वहिनीस, दिवाळी 2011’ असं पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं पुस्तक माझ्या कपाटात, खिडकीकडून तिसरं. मागच्या वर्षी ती आली होती तेव्हा नेमकी त्या कपाटापुढे उभी राहिली. मी तिला हाताला धरून बाल्कनीतला मोगरा दाखवायला नेलं. मोगऱ्याला एक कळी नव्हती.

पाकिटावर अजून नुसते आकडे. पहिल्या आकड्यापुढे एक नाव लिहिलं, खोडलं. हे तिला कळेल का? दुसरं लिहिलं. कळेल, पण आवडेल का? तिसरं लिहिताना मन म्हणालं, आवडेल, पण मग तिला वाटेल आत्या अजून इथेच अडकली आहे. पेन्सिलीचं टोक मोडलं.

1990 साली मी दहावीत होते. त्या वर्षीच्या अंकांत खुणा नव्हत्या. पहिल्यात दिसल्या नाहीत तेव्हा वाटलं, चला, या वेळी आपला नंबर आधी लागला. दुसऱ्यातही नव्हत्या. संक्रांत झाली, अंकांच्या पिना ढिल्या झाल्या, तेलाचे डाग पडले, अनुक्रमणिका तशाच कोऱ्या. काकांना विचारावंसं वाटलं. पण काय विचारणार? अंकांवर लिहिणारं माणूस कुठे गेलं? पाटी तर त्यांच्याच डोक्यावर होती. बदली झाली असेल. मोतीबिंदू असेल. होळीच्या आधीचा शेवटचा अंक मी घरी आणला, अनुक्रमणिका उजेडाकडे तिरकी धरली, आणि कुठून सुरुवात करायची ते न कळून तसाच आईच्या हातात दिला.

दिवेलागणीला फोन पुन्हा किणकिणला. ‘आत्या?’

‘बघते गं,’ म्हटलं.