"मॅच होत नाही, दुसरी पेढी बघा"

मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार. दोन-तीन आठवड्यांनी रक्त लावणं आमच्या अंगवळणी पडलंय, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या वर्षी मात्र रक्त चढवून आठवडा होत नाही तोच हिमोग्लोबिन घसरलं, डोळे पिवळे, लघवी चहासारखी. पुन्हा रक्त लावायचं ठरलं आणि गाडी रक्तपेढीच्या खिडकीवर अडली.

चिठ्ठीवर शेरा: 'क्रॉसमॅच इनकम्पॅटिबल'. क्रॉसमॅच ही पेशंटचं रक्त आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायची तपासणी. म्हणजे काय, तर "मॅच होत नाही, दुसरी पेढी बघा." दुसरीकडेही एकदोन पिशव्या जुळवून बघितल्या आणि हात वर केले. पोरगा ओ पॉझिटिव्ह, आत फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हच्याच पिशव्या! एकाने तर डोनर आणायला सांगितला, जणू माझा भाऊ आला की रक्त आपोआप जुळणार. नेमकं काय आडवं येतंय हे शोधायला अँटिबॉडी स्क्रीनिंग असतं, हे त्या खिडकीतून एकानेही सांगितलं नाही. मी तिथे आवाज चढवला. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

शेवटी तो रक्त घेतो त्या डे-केअरच्या डॉक्टरांनी नमुना परळला, केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत पाठवला. रिपोर्ट आला: अँटी-ई (कॅपिटल ई) आणि अँटी-स्मॉल-सी. दुसऱ्यांच्या पेशींवरच्या ई आणि स्मॉल-सी या दोन अँटिजेनविरुद्ध, म्हणजे पेशींवरच्या खुणांविरुद्ध, त्याच्या शरीराने अँटिबॉडी तयार केल्या होत्या, आणि चढवलेलं रक्त त्याच फोडत होत्या. हे दोन्ही अँटिजेन नसलेले डोनर आपल्याकडे भरपूर आहेत. फक्त पिशव्या तपासायची तयारी हवी.

ज्यांच्या बाळाचं निदान नुकतंच झालंय त्यांनी पहिली पिशवी लागायच्या आधीच आरएच आणि केल या गटांतल्या अँटिजेनचं फीनोटायपिंग, म्हणजे बाळाच्या पेशींवर त्यातले कोणते आहेत याची तपासणी, करून घ्या. नंतर डोनरच्या पेशी मिसळतात आणि साध्या तपासणीचा भरवसा राहत नाही. क्रॉसमॅचचा नमुना ताजा द्या, तीन दिवसांहून जुना चालत नाही. रक्त चालू असताना थंडी वाजली किंवा कंबर दुखली तर आधी पिशवी बंद करायला लावा, चौकशा मागाहून.

आणि रिपोर्ट कायम जवळ ठेवा. काही महिन्यांनी अँटिबॉडी इतक्या कमी होतात की टेस्टमध्ये दिसत नाहीत, पण ते अँटिजेन असलेलं रक्त गेलं की परत उसळतात. मागणीच्या फॉर्मवर 'पूर्वी रिॲक्शन?' असा रकाना असतो, वॉर्डात सवयीने तिथे 'नाही' लिहून टाकतात. आता सिस्टरांच्या हातातला फॉर्म मी आधी वाचते, मगच जाऊ देते.