'१९७० पूर्वी'
आज दिवसभर जुन्या लिलावांचे कॅटलॉग चाळत बसले होते. कांस्यमूर्ती, भांडी, तलवारी... आणि मालकीच्या माहितीत बहुतेक ठिकाणी तेच ते: खासगी युरोपीय संग्रह, १९७० पूर्वी. हे साल उगाच येत नाही. त्या वर्षी सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला. वस्तू त्याआधीच देशाबाहेर गेली होती असं दाखवलं, की बरेच प्रश्न गळून पडतात. सोयीचं साल!

मग नेब्राच्या चकतीत अडकले. सूर्य, चंद्र, तारे जडवलेली ही कांस्ययुगीन चकती जर्मनीत १९९९ साली चोरून खणून काढली गेली. हातोहात विकली जात २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पोलिसांच्या सापळ्यात सापडली. तिला चिकटलेल्या मातीवरून खणल्याची जागा पक्की झाली. तांबं मात्र ऑस्ट्रियातल्या आल्प्समधलं आणि सोनं इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं! गाव एक, धातू भलतीकडचा.

धातूत मिसळलेल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) खाणीचा माग लागतो, हे भारीच आहे. पण जुनी भांडी वितळवून नवी ओतली असतील तर खाणींची सरमिसळ होते. आणि खाण कळली तरी मधले मालक कुठे कळतात? त्यासाठी पावत्या, जुने फोटो, कस्टमचे कागदच उपसावे लागतात. कंटाळवाणं काम (मला आवडतं, काय करणार). संग्रहालयांनी ते खरेदीआधी करावं. मूळ देशाचे लोक दारात आल्यावर नव्हे.