मार्लिन 336: एक रेल, तीन साइट्स. काम कुठवर आलंय

रायफल मार्लिन 336, काडतूस .30-30, नळी 20 इंची. वापर पेनसिल्व्हेनियाच्या दाट जंगलात, व्हाइटटेल हरणासाठी. तिथे अर्ध-स्वयंचलित रायफलने हरीण मारायला परवानगी नाही, त्यामुळे लिव्हरवाल्या बंदुका अजून टिकून आहेत. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, तेव्हा ही नोंद तिकडे परवाना काढून जंगलात उतरणाऱ्यांसाठी.

बेत असा की घोस्ट रिंग (डोळ्याजवळची भोकाची मागची साइट, जिच्यातून पुढची माशी बघून नेम धरतात) कायम रायफलवर राहील, आणि झुडपांत रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा कापलेल्या मक्याच्या कडेला स्कोप (दुर्बीण), हवं ते माथ्यावरच्या रेलवर चढवायचं. ह्या कामाला 336 सोयीची, कारण 1948 पासूनच तिचा माथा, म्हणजे बोल्टवरचा पोलादी भाग, बंद आहे आणि रिकामं काडतूस बाजूने पडतं. जुन्या विंचेस्टर 94 मध्ये ते वर उडतं, म्हणजे थेट स्कोपच्या पोटावर.

आधी रायफल रिकामी. लिव्हर चालवून मॅगझिनच्या नळीतली सगळी काडतुसं काढायची आणि मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) करंगळी घालून बघायचं. डोळ्यांवर विसंबू नका.

रेल बसली आहे. माथ्यावरचे भरीचे स्क्रू काढले, भोकं आणि रेलचा तळ ॲसिटोनने पुसला. मार्लिनच्या माथ्याला 8-40 चे स्क्रू लागतात. दुसऱ्या बंदुकीच्या डब्यातले 6-48 सैल बसतात आणि तरीही काही आटे पकडल्यासारखे वाटतात, तिथे फसगत होते. निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब, लाल अजिबात नको. ताण 20 इंच-पौंडांच्या आसपास, आळीपाळीने. प्रत्येक स्क्रू आवळला की लिव्हर एकदा पूर्ण चालवायची. जड झाली तर तोच स्क्रू लांब आहे आणि बोल्टला टेकतोय. कानशीने टोक घासा, आटे साफ करा, परत लावा. नळीवर पुढे येणारी लांब रेल असेल तर आधी माथ्याचे स्क्रू आवळून घ्या आणि पुढच्या टोकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. फट असताना पुढचा स्क्रू ओढला की रेल धनुष्यासारखी वाकते. मग स्कोपला कितीही दोष द्या, नेम बसत नाही.

घोस्ट रिंगमध्ये .191 इंच भोकाची चकती ठेवली आहे. .230 ची पहाटेच्या अंधुक उजेडासाठी जवळ असू द्या. बाकी वेळी लहान चकतीत माशी (नळीच्या टोकावरची साइट) जास्त स्वच्छ दिसते. माशीच्या उंचीचं गणित सोपं आहे: गोळी जितकी वर लागते ते इंच गुणिले दोन साइट्समधलं अंतर, भागिले लक्ष्यापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. 24 इंचांचं अंतर धरलं आणि 100 यार्डांवर, म्हणजे 3600 इंचांवर, गोळी 5 इंच वर लागली, तर 0.033 इंच उंच माशी हवी. गोळी वर जात असेल तर माशी उंच, खाली जात असेल तर बुटकी. नवे लोक इथे हमखास उलटं करतात, मग रिंग शेवटच्या आट्यापर्यंत फिरवत बसतात.

आता खरा मुद्दा: काढून लावल्यावर स्कोप त्याच जागी येतो का? पिकाटिनी (ठरावीक मापाच्या आडव्या खाचांच्या) रेलची खाच 0.206 इंच रुंद, स्कोप धरणाऱ्या वीव्हर पद्धतीच्या रिंगचा आडवा दांडा साधारण 0.180. म्हणजे दांड्याला मागेपुढे हलायला जागा आहे. धक्क्याने रायफल मागे येते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलवर पुढे सरकतो. म्हणून स्कोपची रिंग बसवतानाच पुढे रेटून, दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच खटका दाबायचा. खाच दर वेळी तीच. रंगाच्या पेनाने खूण करा. खटक्याचा नट असा ठेवा की अर्ध्या वाटेवर विरोध जाणवावा आणि अंगठ्याच्या जोराने तो बंद व्हावा. पक्कड लागत असेल तर जास्त घट्ट झालं. तपासणी: एक गोळी, स्कोप काढा, लावा, पुढची गोळी, असं पाच वेळा एकाच कागदावर. हा गट न काढता झाडलेल्या गटापेक्षा फारसा मोठा नसला तर जोडणी विश्वासाची.

नळीतून नेम जुळवायला ही रायफल मात्र फार सरळ. लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर उतरते, बोल्ट मागून बाहेर येतो आणि नळीतून आरपार दिसतं. बोल्टबरोबर डाव्या भिंतीतला इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) सुटतो. पट्टीएवढा तुकडा, सतरंजीवर पडला की गायब. परत जोडताना इजेक्टरची खुंटी आधी भोकात, मग बोल्ट, आणि बोल्ट थोडा मागे ठेवलात तरच लिव्हरचं टोक त्याच्या खाचेत शिरतं.

25 यार्डांवर सुरुवात करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. 170 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) चपट्या नाकाच्या गोळीने, सेकंदाला 2200 फूट वेगाला, नळीपासून दीड इंच उंच स्कोप 25 वर शून्य केला तर 100 वर गोळी इंच-सव्वा इंच वर जाते. घोस्ट रिंग नळीपासून जेमतेम 0.9 इंच, ती 25 वर शून्य केली तर 100 वर गोळी अर्धा इंच खाली. म्हणून तिन्ही साइट्स शेवटी 100 वरच शून्य करायच्या. तिथून 200 वर ही गोळी आठेक इंच खाली येते. टोकदार गोळी ह्या मॅगझिनमध्ये घालू नका: टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या टिकलीवर, टेकतं. मऊ रबरी टोकाच्या गोळ्या चालतात, पण त्यांचा नेम वेगळा लागतो. एक काडतूस ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

रायफल टेकवायची ती लाकडी पुढच्या दस्त्यावर, माथ्याजवळ. नळी किंवा मॅगझिनचा पट्टा पिशवीवर ठेवला की गोळ्या वर सरकतात. तीन झाडा, नळी निवू द्या. तापल्यावर मॅगझिनची नळी आणि पट्टे नळीला ओढतात आणि गट उभा लांबतो.

स्कोप 1.5-5 पुरे, जास्तीत जास्त 2-7. दस्ता खाली उतरता असल्याने गाल हवेत राहतो. चामड्याची गादी बांधावी लागते, पण मग घोस्ट रिंगला ती आड येते. म्हणून गादी दोऱ्यांनी सुटणारी घेतली आहे. स्कोप चढवला की घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही, त्याला बाजूची खुंटी लागते. तिचा बारीक ॲलन स्क्रू धक्क्यांनी सैल होतो. निळं लॉकटाइट तिथेही.

रेड डॉट 2 एमओएचा आहे, 100 यार्डांवर दोन इंच झाकतो. हरणाला पुरतो. तो बुटक्या माउंटवर ठेवूनही रिंग त्याच्या काचेतून दिसत नाही, म्हणून बॅटरी गेली तर तो उतरवायचा आणि खालच्या रिंगने मारायचं. शून्याखालच्या थंडीत खटके तितकेच घट्ट राहतात का, हे पाहणं अजून बाकी आहे.