कळतं, पण वळत नाही

अपघातानंतर सहा महिन्यांनी ते गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘स्मरणशक्ती तपासावी, कामावर रुजू होता येईल का, ते कळवावे.’ त्या दिवशी मिनी-मेंटल चाचणीत त्यांना ३० पैकी २९ गुण मिळाले, आणि काळजीचे विशेष कारण दिसत नाही असे सांगून मी सविस्तर तपासणीसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. ते तीन आठवडे अजून माझ्या मनातून जात नाहीत.

१९७५ पासून वापरात असलेली ही दहा मिनिटांची चाचणी तारीख, वार, वजाबाकी, तीन शब्दांची आठवण असे पुष्कळ विचारते. पण मेंदूच्या कपाळामागच्या भागाच्या, म्हणजे फ्रंटल लोबच्या कामाला (ठरवल्याप्रमाणे वागणे, चूक कळल्यावर वागणे बदलणे) ती जवळपास हातच लावत नाही. तरीही तिच्या गुणांवर माणसाला ‘नॉर्मल’ ठरवून मोकळे होण्याची घातक सवय आमच्या क्षेत्राला जडली आहे, आणि त्या दिवशी मीही तेच केले.

दुसऱ्या भेटीत मी विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग चाचणी मांडली. समोर चार पाने असतात: एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळे. हातात येणारे प्रत्येक पान यांपैकी एकाखाली लावायचे. कशावरून लावायचे हे मी सांगत नाही, फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणते. रंग जुळवून सलग दहा पाने बरोबर लागली, की मी काहीही न बोलता नियम बदलते आणि आता आकार जुळवावा लागतो.

तीन लाल वर्तुळांचे पान त्यांच्या हातात आले. “आता रंग चालत नाही,” ते स्पष्ट म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते पान लाल त्रिकोणाखाली ठेवून मोकळे झाले. मी ‘चूक’ म्हटले. “तेच म्हणतोय मी, रंग नाहीच,” ते म्हणाले, आणि पुढचे लाल पानही तिथेच गेले. १२८ पाने संपली तरी रंग सुटला नाही. बोलणे आणि करणे यांतली ही फारकत फ्रंटल लोबला इजा झालेल्या रुग्णांमध्ये मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्येच नोंदवली होती. ‘कळतं पण वळत नाही’ हे आपण एरवी दोष देण्यासाठी म्हणतो. इथे ते इजेचे अचूक वर्णन होते.

नंतर मी त्यांच्या पत्नीला वेगळे बसवले, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

“बादली भरून वाहते, ‘नळ बंद करायला हवा’ असं हे स्वतःच म्हणतात आणि तिथेच बसून राहतात. मला वाटायचं, मुद्दाम करतात.” माझ्या निर्वाळ्यानंतर तर त्यांची खात्रीच पटली होती आणि त्यांनी नवऱ्याशी बोलणे टाकले होते.

मी पाने पुन्हा मांडून काय घडले ते त्यांना दाखवले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “म्हणजे आता रागवायचंही नाही का, मॅडम?”

अहवालात मी ‘सध्या रुजू होऊ नये’ असे कारणांसह लिहिले, आणि पुढच्या आठवड्यातली एक वेळ त्यांच्या एकटीच्या नावावर राखून ठेवली.