बसलेल्या मापाचा कार्डिगन

दोन रंगांच्या लोकरीने विणलेला फुलांचा कार्डिगन अंगाबरोबर बसवणे हे साध्या स्वेटरपेक्षा फार निराळे काम आहे. साध्या विणीत दोन टाके कुठेही वाढवले किंवा घटवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. फुलांच्या नक्षीत मात्र एक टाका कमी झाला तरी पाकळी तुटते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. मापाप्रमाणे स्वेटर विणून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हे गणित मला रोजच मांडावे लागते. पण एका बाईंच्या कार्डिगनसाठी ते अगदी पहिल्या आकड्यापासून नव्याने मांडावे लागले.

त्या व्हीलचेअर वापरतात आणि ती स्वतःच्या हातांनी चालवतात. मापे द्यायला येताना त्यांनी आपला एक जुना, विकत घेतलेला स्वेटर बरोबर आणला होता. तो अंगात असताना पुढचा भाग पोटाशी दुमडून मांडीवर गोळा होत होता, मागचा भाग कमरेच्या वर चढत होता आणि बाह्यांच्या कडा चाकाला घासून पार झिजल्या होत्या. मी टेप हातात घेतल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, उभ्या माणसाचा तक्ता बाजूला ठेवा. मी दिवसभर बसलेली असते, तेव्हा माझं मापही बसलेलंच घ्या.” इतकी स्पष्ट सूचना ग्राहकाकडून क्वचितच मिळते.

मग मी सगळी मापे त्या खुर्चीत बसलेल्या असतानाच घेतली. खांद्यापासून मांडीपर्यंत पुढची उंची ४८ सेंटीमीटर भरली, तर मागे मानेपासून बैठकीपर्यंत ५५ हव्या होत्या. म्हणजे एकाच कपड्यात पुढे आणि मागे ७ सेंटीमीटरचा फरक. छाती १०४ होती, पण बसल्यावर पोट आणि नितंबांजवळचा घेर ११६ होत होता. पाठीची रुंदी हात मांडीवर असताना ३८ आणि चाक ढकलण्यासाठी हात पुढे नेल्यावर ४३ भरली. बाहीची लांबी कोपर वाकवून, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकावरून मनगटापर्यंत मोजली, कारण सरळ हाताचे माप वाकलेल्या हाताला नेहमी अपुरे पडते.

नक्षी त्यांनी स्वतःच काढून आणली होती: सदाफुलीसारखे पाच पाकळ्यांचे फूल. विणकामात आठ पाकळ्यांचे फूल सोपे, कारण ते चौकटींच्या कागदावर चारही बाजूंनी सारखे बसते. नॉर्वेतील सेल्बू भागात १८५७ पासून हातमोज्यांवर विणले जाणारे प्रसिद्ध फूल आठ पाकळ्यांचेच आहे. पाच पाकळ्या फक्त डाव्या-उजव्या बाजूने सारख्या होतात. म्हणून एक पाकळी वर, दोन बाजूंना, दोन खाली अशी मांडणी केली. आधी विणून पाहिलेल्या माझ्या नमुन्याच्या तुकड्यात १० सेंटीमीटरमध्ये २६ टाके आणि २८ ओळी येत होत्या. त्यामुळे फुलाचा आराखडा साध्या चौकटींवर न काढता त्याच प्रमाणाच्या चौकटी आखून त्यावर काढला, नाहीतर विणलेले फूल किंचित चपटे दिसले असते. हा नमुना गोल सुईवर विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा लागतो. सुलट-उलट ओळींनी विणलेल्या सपाट तुकड्याचे माप गोल विणीला लागू पडत नाही.

फूल १७ टाके रुंद आणि दोन फुलांमधली जागा ७ टाके, असे एक आवर्तन २४ टाक्यांचे झाले. ७ टाक्यांच्या जागेत मागे सोडलेला धागा बराच लांब लोंबतो आणि कपडा घालताना बोटे त्यात अडकतात, म्हणून त्या जागेच्या मध्यावर फुलाच्याच रंगाचा एक ठिपका दिला. त्यामुळे दोन्ही बाजूंना तीन-तीनच टाके उरले. अशी १२ आवर्तने आणि दोन्ही कडांना ठिपकाच यावा म्हणून एक जादा टाका, मिळून २८९ टाके. २६ च्या हिशोबाने त्यांचा घेर सुमारे १११ सेंटीमीटर होतो. छातीला तो योग्य होता. अंगाच्या मापापेक्षा जादा ठेवायची ही मोकळीक साध्या विणीपेक्षा थोडी जास्त लागते, कारण मागून जाणारे धागे कापडाला फारसे ताणू देत नाहीत.

खालच्या अंगाला मात्र १२० हवे होते. एखादे फूल वाढवावे तर घेर एकदम ९ सेंटीमीटरने वाढतो, आणि वर छातीजवळ पोहोचल्यावर तेच फूल कुठेतरी कापून टाकावे लागते. इथे मी टाक्यांना हातच लावला नाही. फक्त सुई बदलली. खालचा भाग ३.५ मिलिमीटरच्या सुईवर विणला, तेव्हा १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके बसले आणि तेच २८९ टाके १२० सेंटीमीटर भरले. कमरेच्या वर ३ मिलिमीटरची सुई घेतली आणि घेर आपोआप १११ वर आला. खालची फुले वरच्यांपेक्षा जराशी मोठी होतात, पण ती एकावर एक रांगेत असल्यामुळे डोळ्याला तो फरक दोष वाटत नाही. माझ्या मते नक्षीदार विणीत आकार देण्याची याहून स्वच्छ रीत नाही.

पुढच्या आणि मागच्या उंचीतला ७ सेंटीमीटरचा फरक फुलांच्या ओळींमध्ये घालणे अशक्यच होते. तसे केले असते तर मागची फुले पुढच्या फुलांना बगलेखाली भेटलीच नसती. म्हणून खालच्या काठाच्या लवचिक पट्टीनंतर (रिब) आणि फुलांच्या पहिल्या ओळीआधी एकाच रंगाचा साधा पट्टा घेतला आणि त्यात फक्त पाठीच्या टाक्यांवर अपुऱ्या ओळी विणल्या: मधून सुरुवात करून, दर वेळी थोडे पुढे जाऊन परत फिरायचे. अशा सुमारे २२ ओळींनी पाठ खाली उतरली. तिथून पुढे पहिले फूल सुरू झाले ते सगळीकडे एकाच पातळीवर.

मुंढ्याबद्दल आमच्यात थोडा वाद झाला. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा मोठा ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते आणि बहुतेकांचा समजही तोच असतो. प्रत्यक्षात मुंढा जितका खोल, तितका हात हलला की सगळा कपडा त्याच्याबरोबर वर ओढला जातो. मी मुंढा काखेच्या जवळ ठेवला आणि काखेत चौकोनी कळी दिली, म्हणजे हात पुढे-मागे जाताना लागणारे कापड तिथूनच मिळते. बाहीवर फुलांच्या दोनच उभ्या रांगा बाहेरच्या अंगाला ठेवल्या, त्यांचे ४९ टाके. उरलेले ६५ टाके आतल्या अंगाला बारीक चौकडीत गेले. दंडापासून मनगटापर्यंतची सगळी घट त्या चौकडीने पोटात घेतली. शिवाय चौकडीत मागचे धागे एका-दोन टाक्यांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे चाकाजवळ घासणारा भाग दाट आणि टिकाऊ झाला.

बाह्यांचा हा हिशोब तेव्हा कागदावरच होता; बाकी सगळे होईपर्यंत कार्डिगन ही एक बंद नळीच होती, कारण नक्षी गोल विणली तरच उजवी बाजू सतत समोर राहते. पुढच्या मध्यावर आणि मुंढ्यांच्या जागी ७-७ जादा टाक्यांच्या पट्ट्या विणून ठेवल्या होत्या. या पट्ट्यांना स्टीक म्हणतात आणि त्या शेवटी मधोमध कापायच्या असतात. तोपर्यंत कपडा अंगात घालून पाहता येत नाही; सगळा भरवसा कागदावरच्या आकड्यांवर. कापण्याच्या दिवशी त्यांनी मुद्दाम यायचे ठरवले होते.

मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना मी शिलाई यंत्राने बारीक शिवण मारली आणि लहान धारदार कात्री घेतली. “काळीज धडधडतंय हो माझं,” त्या म्हणाल्या. मी त्यांना कापलेल्या पट्टीचा पहिला चार बोटांएवढा भाग जवळून दाखवला. टाक्यांची तुटलेली टोके केसाळ दिसत होती, पण एकही टाका खाली धावला नव्हता. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि शेजारचे तंतू त्यामुळे एकमेकांना धरून राहतात. यंत्रात धुता यावी म्हणून जिचे खवले घालवलेले असतात ती लोकर या कामाला चालत नाही. म्हणूनच रंग निवडतानाच मी तसली लोकर बाजूला ठेवली होती.

कार्डिगन पुढून टाचण्यांनी जोडून त्यांच्या अंगावर चढवला. बाह्या अजून विणायच्या होत्या. त्यांनी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुर्ची चालवली आणि मी बाजूने पाहत राहिले. चाकाला जोर दिला की लगेच डाव्या हाताने स्वेटर खाली ओढायचा, ही त्यांची सवय मला पहिल्याच भेटीत दिसली होती. त्या दिवशीही हात तसाच कमरेकडे गेला, आणि ओढण्यासारखे काही नाही म्हणून परत चाकावर आला. त्यांच्याही ते लक्षात आले आणि त्या मनापासून हसल्या. इतक्या आकडेमोडीनंतर असे काही डोळ्यांनी पाहायला मिळते, त्यासाठीच मी हे काम करते.

एक गोष्ट तेवढी राहिली होती: पुढे वाकल्यावर मानेमागे कडा खाली सरकत होती. गळपट्टी विणताना मागे अपुऱ्या ओळी घालून ती ३ सेंटीमीटर उंच केली. बटणपट्टीसाठी दर चार ओळींमागे तीन टाके उचलले, पण शेवटच्या १० सेंटीमीटरमध्ये दर तीन ओळींमागे दोनच, म्हणजे मांडीजवळ पट्टी बाहेर फुगत नाही. बटणे २२ मिलिमीटरची घेतली आणि सर्वात खालचे बटण दिलेच नाही, कारण बसल्यावर तिथे कापड उघडेच राहिलेले बरे.

बाह्या मुंढ्यातून टाके उचलून वरून खाली विणल्या. कफ सर्वात शेवटी, एकाच रंगाचा आणि मनगटाच्या हाडाच्या जरा वरच थांबणारा ठेवला. पुढच्या हिवाळ्यानंतर त्यांनी कार्डिगन परत आणला तेव्हा उजवा कफ चाकाला घासून विरला होता. तो खालून उसवला, मोकळे झालेले टाके सुईवर घेतले आणि शिल्लक ठेवलेल्या लोकरीने नवा विणला. फुलांपर्यंत जावेच लागले नाही.