तुम्ही विचारलंत म्हणून : पोरानं रोज किती ओव्हर टाकायच्या?

‘मुलगा पंधरा वर्षांचा, चांगला जोरात टाकतो. भारताकडून खेळायचं तर रोज किती ओव्हर टाकायला लावू?’ गोव्यात नेटबाहेर स्कूटर लावून थांबलेले पालक हे हमखास विचारतात. रोज नकोच, हे पहिलं उत्तर.

फास्ट बॉलरची कारकीर्द बहुतेक वेळा कंबरेत अडकते. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का वर चढतो, आणि नेमकी तेव्हाच पाठ मागे वाकलेली, एका अंगाला झुकलेली असते. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कंबरेतल्या खालच्या मणक्याला, बहुधा डाव्या बाजूला, बारीक चीर पडते. या वयात स्नायू भराभर ताकद धरतात, हाड मागे राहतं.

आपल्याकडे त्यात पावसाची भर. मिरग लागला की मैदान बंद. ऑक्टोबरात एकदम रोज नेट, शनिवारी लेदर बॉलची मॅच आणि रविवारी वाड्यावरच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्ये पहिली ओव्हर यालाच. टेनिसचे बॉल कुणी धरतच नाही. कंबर धरते.

म्हणून वही घाला आणि ओव्हर नव्हे, बॉल मोजा. नेट, मॅच, टेनिस, सगळे. पाऊस ओसरल्यावर पहिला आठवडा एक दिवसाआड, तीनच दिवस, दिवसाला 24 बॉल, तेही पाऊण जोराने. पुढे दर आठवड्याला दिवसामागे सहा वाढवा. पूर्ण जोर चौथ्या आठवड्यापासून. दोन मॅच आल्या तर नेटमधले बॉल कापा. पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा मॅटवर थोडे बॉल असू द्या. उघड्या सिमेंटवर नको.

ॲक्शन तपासायला कॅमेरा लागतोच असं नाही. क्रीजवर लाल माती भुरभुरा आणि मागच्या पायाचा ठसा बघा. ठसा क्रीजला समांतर असेल तर खांदेही आडवे वळलेले हवेत. बोटं बॅट्समनकडे असतील तर छातीही तिकडेच. पाय एकीकडे आणि खांदे दुसरीकडे, ही खिचडी सगळ्यात वाईट. पण नुसती दिसायला बरी नाही म्हणून ॲक्शन बदलू नका.

डाव्या पायावर उभं राहून मागे वाकताना कंबरेत कळ आली, तर बॉलिंग त्याच दिवशी बंद. स्प्रे मारून फायनल खेळवणं हा शुद्ध मूर्खपणा. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. मग काही महिने गेलेच म्हणून समजा.

ते महिने गेले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली, त्याची पाठ 1973च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात मोडली. तो परतला आणि 355 कसोटी बळींवर थांबला. बुमराहचा पाठीमुळे 2022चा टी-20 विश्वचषक हुकला, 2023च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा धावत आला. फरक एवढाच, की त्याचे बॉल मोजायला माणसं ठेवलेली असतात. तुमच्याकडे ती वही आहे. रविवारच्या टूर्नामेंटलाही ती बॅगेत टाका.